बंद पाकिटाची गोष्ट

दिवाळीच्या दिवसांत आमच्या घरी लक्ष्मीच्या आधी पोस्टमन येतो. वसुबारसेच्या सुमारास कधी तरी दुपारी सायकलची घंटा वाजते आणि पाठोपाठ एखादा दिवाळी अंक, एखादे शुभेच्छापत्र, कुणाच्या तरी मुलीच्या साखरपुड्याची पत्रिका ओट्यावर येऊन पडते. मग पाडव्याला तोच पोस्टमन पुन्हा येतो, या खेपेला हातात पत्र नसते, आणि दारात उभा राहून नुसता हसतो. त्या हसण्याचा अर्थ घरातल्या लहान पोरालाही कळतो. दिवाळीची पोस्त! टपाल आणणाऱ्याची पोस्त हा शब्दांचा योगायोग मला लहानपणापासून गमतीचा वाटत आला आहे.

पण एका दिवाळीची आठवण मात्र तितकी गमतीची नाही. सन २००१. त्या वर्षी लक्ष्मीपूजन १४ नोव्हेंबरला होते. माझा एक मावसभाऊ अमेरिकेत न्यू जर्सीला राहत असे आणि दर दिवाळीला न चुकता शुभेच्छापत्र पाठवीत असे. त्या वर्षीही ते आले. निळसर, जाडसर पाकीट. त्यावर न्यू जर्सीचा पत्ता आणि शिक्का. आमचे पोस्टमन नानांनी ते नेहमीप्रमाणे पिशवीतून काढून वडिलांच्या हाती ठेवले. वडिलांनी पत्ता वाचला मात्र, त्यांचा चेहरा बदलला. पाकीट घेऊन ते अंगणाच्या टोकाला गेले, आम्हां मुलांना लांब उभे केले, तोंडाला उपरणे बांधले आणि हात लांब धरून, मान वळवून त्यांनी ते फोडले. आत पणतीचे चित्र होते आणि चार ओळींचा मजकूर. आम्ही सगळे हसलो. वडीलही ओशाळे होऊन हसले.

नाना तोवर दारातच उभे होते. ते पाकीट त्यांनी सकाळपासून छातीशी टांगलेल्या पिशवीतून वागवले होते, ही गोष्ट त्या क्षणी आमच्यापैकी कुणाच्याही मनात आली नाही. पुढे कित्येक वर्षांनी, त्या काळात अमेरिकेत काय घडले याचे वाचन करताना, मला एकदम ते अंगण आठवले. आम्ही जी चूक उपरणे बांधून केली तीच चूक एका बलाढ्य देशाच्या राजधानीत मोठमोठ्या जाणत्यांनी केली होती. त्यांची चूक मात्र हसण्यावारी गेली नाही. तिची हकीकत सांगण्यासाठी हा लेख.

•

ज्या रोगाची ही भीती होती तो आपल्या शेतकऱ्याला अनोळखी नाही. इंग्रजीत त्याला अँथ्रॅक्स म्हणतात. आपल्याकडे काळपुळी म्हणतात, आणि जनावराला तो झाला की कुठे कुठे ‘फाशी’ असेही म्हणतात. काल संध्याकाळी रवंथ करणारी गाय सकाळी गोठ्यात मरून पडलेली दिसावी, नाकातोंडातून काळपट रक्त वाहिलेले असावे, असा हा रोग. माणसाला तो बहुधा कातडीवाटे होतो. आधी एक फोड येतो आणि मग तिथे काळी खपली धरते. काळपुळी हे नाव त्यावरूनच आले. त्यावर औषधोपचार वेळेवर झाला तर माणूस बहुधा वाचतो. पण हेच जंतू श्वासावाटे छातीत गेले, तर प्रकार फार निराळा होतो. दोन-चार दिवस साधा ताप, खोकला, अंगदुखी; रोग्याला वाटते पडसे झाले आहे, वैद्यालाही तसेच वाटते. आणि मग एकाएकी श्वास लागतो आणि हातातली वेळ निघून गेलेली असते.

या जंतूची खोडी अशी की, परिस्थिती प्रतिकूल झाली म्हणजे तो मरत नाही. स्वतःभोवती कठीण कवच करून बीजाणूच्या रूपाने झोपी जातो. वोलश्टाइन नावाच्या आडगावी जिल्हा डॉक्टर म्हणून काम करणाऱ्या रॉबर्ट कॉखने १८७६ साली हे कोडे उलगडले. एका विशिष्ट रोगाला एक विशिष्ट जंतू कारण असतो हे ज्या पहिल्या रोगांच्या बाबतीत नि:संशय सिद्ध झाले, त्यांत हा एक. बीजाणू झाल्यावर ऊन, पाऊस, थंडी कशाचेच त्याला भय नसते. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, इंग्रजांनी स्कॉटलंडजवळच्या ग्रुइनार्ड नावाच्या चिमुकल्या बेटावर मेंढ्या बांधून या जंतूंच्या बाँबचा प्रयोग केला. मेंढ्या मेल्या, पण त्या बेटावर त्यानंतर जवळजवळ अर्धे शतक माणसाला पाय ठेवण्याची बंदी राहिली. समुद्राच्या पाण्यात फॉर्मलिन मिसळून ती जमीन धुतली, तेव्हा कुठे १९९० साली बेट निर्धोक असल्याचे जाहीर झाले.

हा जंतू आणि कामकरी माणूस यांचे नाते मात्र याहून जुने आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरात लोकरीच्या गिरण्या भरभराटीला आल्या होत्या. दक्षिण अमेरिकेतून अल्पाकाची लोकर येई, तुर्कस्तानातून मोहेर येई, इराणातून येई. त्या गाठोड्यांतली लोकर हाताने निवडून तिची प्रत लावणाऱ्या कामगारांमध्ये एक चमत्कारिक आजार दिसू लागला. धडधाकट माणूस सोमवारी कामावर असे आणि शनिवारी त्याची प्रेतयात्रा निघे. लोक त्याला ‘लोकर निवडणाऱ्यांचा रोग’ म्हणत. जॉन हेन्री बेल नावाच्या तिथल्या डॉक्टरने १८७९-८० च्या सुमारास दाखवून दिले, की हा रोग म्हणजे छातीतली काळपुळीच आहे. मेलेल्या जनावराच्या लोकरीबरोबर ते बीजाणू समुद्र ओलांडून येत आणि गाठोडे सोडताना उडालेल्या धुळीबरोबर कामगाराच्या छातीत जात.

पुढची चाळीस वर्षे ब्रॅडफर्डने या रोगाशी झगडण्यात घालवली. प्रथम नियम झाले: लोकर ओली करून निवडा, हात धुवा, निवडण्याच्या टेबलाखाली पंखे बसवून धूळ खाली ओढून घ्या. त्याने फरक पडला, पण रोग हटला नाही. मग फ्रेडरिक युरिक या जंतुशास्त्रज्ञाने वर्षानुवर्षे लोकरीचे हजारो नमुने तपासले. लोकरीला चिकटलेल्या वाळल्या रक्तात बीजाणू दडून राहतात हे ओळखले. आणि अखेर निष्कर्ष निघाला तो असा, की कामगाराला सावध करून भागणार नाही, लोकरच शुद्ध केली पाहिजे. १९१९ साली कायदा झाला आणि १९२१ मध्ये लिव्हरपूलच्या बंदरात सरकारी निर्जंतुकीकरण केंद्र उघडले. आपल्या देशातून जाणारे बकऱ्यांचे केसही त्या कायद्याच्या कक्षेत आले होते. गाठोडे आधी साबण-सोड्याच्या कोमट पाण्यातून, मग फॉर्मलिनमधून निघे, आणि त्यानंतरच निवडणाऱ्याच्या हाती पडे.

वाचकांनी हा धडा ध्यानात ठेवावा. कामगाराने सावधपणे वागावे हा उपदेश झाला. धोका त्याच्यापर्यंत पोहोचूच नये ही व्यवस्था झाली. ब्रॅडफर्डला उपदेशाकडून व्यवस्थेकडे यायला चाळीस वर्षे लागली. आणि ऐंशी वर्षांनंतर लोकर निवडणाऱ्यांच्या जागी पत्रे निवडणारी माणसे आली, तेव्हा हा धडा पुन्हा पहिल्यापासून गिरवावा लागला.

•

पत्रातून रोग येतो ही भीतीसुद्धा काही आजची नव्हे. युरोपात प्लेगाच्या आणि पटकीच्या साथी असत तेव्हा, रोगट मुलखातून आलेली पत्रे बंदरावर अडवून ठेवीत. लांब चिमट्याने ती धरायची, पटाशीने त्यांना चिरा पाडायच्या, म्हणजे धूर आत शिरावा. मग गंधकाच्या धुरीत ठेवायची किंवा सिरक्यात बुडवायची. अशी चिरा पडलेली, डागाळलेली पत्रे आजही टपालाच्या संग्राहकांपाशी जपून ठेवलेली असतात. वस्तुतः प्लेग पत्रातून येत नसे. तो उंदरावरच्या पिसवांतून येई. पण गंमत अशी, की त्या सगळ्या खटाटोपात चिंता असे ती पत्र ज्याच्या हाती जायचे त्याची. धुरीच्या खोलीत दिवसभर खोकत बसणाऱ्या कारकुनाचा विचार कुणी केला असेल असे वाटत नाही.

सन २००१ मध्ये भीती मात्र खरी होती. ११ सप्टेंबरला न्यूयॉर्कचे दोन मनोरे कोसळले. त्यानंतर आठवड्याभरातच, १८ सप्टेंबरचा शिक्का असलेली काही पत्रे न्यू जर्सीतल्या ट्रेंटनहून निघाली. ती वृत्तपत्रांच्या आणि दूरचित्रवाणीच्या कचेऱ्यांना लिहिलेली होती. पाकिटात चिठ्ठीबरोबर पूड होती. ५ ऑक्टोबरला फ्लोरिडातल्या एका वृत्तपत्रसंस्थेत छायाचित्रांचे संपादन करणारे रॉबर्ट स्टीव्हन्स मरण पावले. श्वासावाटे झालेल्या काळपुळीने अमेरिकेत माणूस दगावल्याची ही १९७६ नंतरची पहिली घटना.

मग ९ ऑक्टोबरच्या शिक्क्याची आणखी दोन पत्रे निघाली. ही टॉम डॅशल आणि पॅट्रिक लेही या दोन सेनेटरांच्या नावे होती. पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून एका शाळेची चौथी इयत्ता लिहिली होती. अशी शाळा कुठेच नव्हती. मी शाळामास्तर असल्यामुळे असेल, पण या सबंध प्रकरणात ही गोष्ट मला फार लागली. लहान मुलांचे पत्र म्हटले, की कुणीही ते विश्वासाने उघडतो. या वेळची पूडही पहिल्यापेक्षा फार बारीक होती. हवेत धुरासारखी तरंगणारी.

१५ ऑक्टोबरला सोमवारी सकाळी डॅशल यांच्या कचेरीत ते पत्र उघडले गेले. तिथून पुढे जे झाले ते, सरकारी यंत्रणा मनात आणील तर किती चपळ होऊ शकते याचे उदाहरण आहे. पोलीस आले, हवा खेळवणारी यंत्रे बंद झाली, कचेरीतल्या आणि आसपासच्या माणसांच्या नाकातले नमुने घेतले गेले, त्याच दिवशी त्यांना सिप्रोफ्लोक्सॅसिन या औषधाच्या गोळ्या मिळाल्या. दोन दिवसांत ती सबंध इमारत बंद झाली. त्या कचेरीतला एकही माणूस त्या रोगाने आजारी पडला नाही. याबद्दल संबंधितांना श्रेय दिलेच पाहिजे.

पण पत्र काही आकाशातून त्या कचेरीत पडले नव्हते.

•

वॉशिंग्टन शहराचे टपाल तेव्हा ब्रेंटवुड रस्त्यावरच्या एका अवाढव्य केंद्रातून जात असे. दिवसरात्र पाळ्या चालत. दोन हजारांहून अधिक माणसे तिथे काम करीत. त्यांतले बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. सैन्यातून निवृत्त होऊन आलेले, वीस-वीस, तीस-तीस वर्षे नोकरी झालेले, पोराबाळांची शिक्षणे या पगारावर केलेले असे हे लोक. सेनेटरचे ते पत्र ११-१२ ऑक्टोबरच्या सुमारास याच केंद्रातल्या यंत्रातून गेले होते.

ही यंत्रे आपल्याकडच्या वाचकाला डोळ्यांपुढे आणणे जरा कठीण आहे. आपल्या मनात सॉर्टिंग म्हणजे आगगाडीच्या डब्यात खणांपुढे उभा राहून भराभर पत्रे टाकणारा माणूस. तिथे पत्रे यंत्राच्या पट्ट्यांमधून तासाला हजारोंच्या वेगाने पळतात. दोन पट्ट्यांच्या चिमटीत सापडलेले पाकीट प्रत्येक वळणावर दाबले जाते, आणि दाबले की आतली हवा कोपऱ्यांतून, चिकटवलेल्या कडांतून बाहेर पडते. काळपुळीचा बीजाणू एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा. साध्या कागदाच्या तंतूंमधली छिद्रेसुद्धा त्याच्यापुढे वेशीसारखी! पाकिटाच्या कडा फीत लावून बंद केल्या होत्या, पण त्या फितीचा या बाबतीत उपयोग नव्हता. त्यातच यंत्रांत साचलेली कागदाची धूळ काढायला दाबलेल्या हवेचा झोत मारण्याची तिथे पद्धत होती. यंत्रात सांडलेली पूड त्या झोताने उचलली आणि छतापर्यंत उडवली.

हे आज आपण जाणतो. त्या आठवड्यात जाणत्यांचे मत असे होते, की पाकीट बंद आहे तोवर धोका नाही. धोका उघडणाऱ्याला, हाताळणाऱ्याला झालाच तर कातडीचा रोग होईल, आणि तो बरा होतो. शिवाय छातीतला रोग व्हायला हजारो बीजाणू एकदम आत जावे लागतात, असे पुस्तकांत लिहिले होते. त्यांच्या बाजूने हेही सांगितले पाहिजे, की तोवर टपालातल्या कुणाला छातीचा रोग झाल्याचे उघडकीस आले नव्हते. मत अगदीच निराधार नव्हते. पण ते कुणी प्रत्यक्ष पडताळलेले नव्हते. ज्यांनी तसा प्रयत्न केला होता ते लोक कॅनडात होते. तिथल्या सैन्याच्या सफील्ड येथील संशोधनसंस्थेत त्याच वर्षी निरुपद्रवी जंतूंची पूड पाकिटात भरून प्रयोग झाले होते. पूड खोलीभर किती झपाट्याने पसरते हे त्यांना दिसले होते, आणि नीट न चिकटवलेल्या पाकिटातून ती न उघडताही गळते हेही त्यांनी नोंदवले होते. तो अहवाल सप्टेंबर २००१ मध्ये तयार होता. पण ज्यांच्या हाती निर्णय होता त्यांच्या ध्यानात तो वेळेवर आला नाही.

१८ ऑक्टोबरला टपालखात्याचे प्रमुख जॉन पॉटर यांनी ब्रेंटवुडच्याच इमारतीत पत्रकारांना बोलावले. पत्रातून बीजाणू बाहेर पडले असण्याची शक्यता अगदी नगण्य आहे, असे त्यांनी सांगितले. लबाडीने सांगितले असे म्हणण्यास आधार नाही; ते स्वतः त्याच इमारतीत, तीच हवा घेत उभे होते. त्याच दिवशी न्यू जर्सीच्या टपालातला रोगी निश्चित झाला आणि ट्रेंटनजवळचे हॅमिल्टनचे केंद्र बंद झाले. ब्रेंटवुड मात्र चालू राहिले. कामगार विचारू लागले, आमची तपासणी का नाही? राजधानीतल्या पोलिसांच्या कुत्र्यांचीसुद्धा तपासणी झाली, मग आमची का नाही? सेनेटच्या माणसांना गोळ्या आणि आम्हांला धीराचे शब्द, हे कसे? या प्रश्नांमागे वर्णभेदाच्या शेकडो वर्षांच्या आठवणी होत्या. ते नुसते गोळ्यांबद्दलचे प्रश्न नव्हते.

१९ ऑक्टोबरला ब्रेंटवुडचा एक कामगार इस्पितळात दाखल झाला. २१ तारखेला, रविवारी, त्याचा रोग निश्चित झाला आणि केंद्राला कुलूप लागले. पत्र यंत्रातून गेल्याला तेव्हा नऊ-दहा दिवस झाले होते.

त्याच रविवारी पहाटे थॉमस मॉरिस या पंचावन्न वर्षांच्या कामगाराने तातडीच्या मदतीसाठी दूरध्वनी केला. त्यांचे ते बोलणे ध्वनिमुद्रित झाले आणि पुढे सगळ्या जगाने ऐकले. आवाजात आरडाओरडा नाही, रडणे नाही. श्वास घ्यायला त्रास होतो आहे. आठवड्यापूर्वी एका सहकारी बाईंना पूड असलेले पाकीट सापडले होते, मी जवळ होतो. त्याचे पुढे काय निघाले ते आम्हांला कुणी सांगितले नाही. मला वाटते हा तोच रोग आहे. इतक्या नेमकेपणाने त्यांनी आपले निदान स्वतः सांगितले. त्याच दिवशी ते वारले.

दुसऱ्या दिवशी, २२ तारखेला, सत्तेचाळीस वर्षांचे जोसेफ कर्सीन वारले. शनिवारी चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी त्यांना घेरी आली होती. इस्पितळात नेले तेव्हा पोटाचा विकार समजून घरी धाडण्यात आले. पंधरा वर्षांच्या नोकरीत या माणसाने आजारपणाची एकही रजा घेतली नव्हती असे त्यांच्याविषयी सांगतात. ब्रेंटवुडच्या चौघांना छातीचा रोग झाला. त्यांपैकी दोघे वाचले, ते वेळेवर औषध मिळाल्यामुळे.

•

त्या शरद ऋतूत एकंदर बावीस माणसांना रोग झाला, अकरा जणांना छातीचा आणि अकरा जणांना कातडीचा. पाच जण दगावले. बावीसपैकी वीस माणसे एक तर टपाल हाताळणारी होती किंवा तसले टपाल आलेल्या जागी कामाला असणारी. सेनेटर लेही यांचे पत्र तर त्यांच्यापर्यंत पोहोचलेच नाही. यंत्राने पिनकोडातला एक आकडा चुकीचा वाचला, २०५१० चे २०५२० झाले, आणि ते परराष्ट्रखात्याच्या टपालात गेले. तिथल्या टपालातला एक माणूस त्यामुळे आजारी पडला. नोव्हेंबरच्या मध्यास बंद पिशव्यांच्या ढिगातून ते सापडले, न उघडलेले. म्हणजे न उघडलेले पत्र निर्धोक असते या मताला त्या एका पत्रानेच उत्तर देऊन ठेवले होते.

मृतांतली शेवटची बाई कनेक्टिकट राज्यातल्या खेड्यात एकटी राहणारी, चौऱ्याण्णव वर्षांची. तिला कुणी विषारी पत्र पाठवले नव्हते. दुसऱ्या एखाद्या पाकिटाला यंत्रात लागलेली पूड तिच्या टपालाबरोबर गेली असावी, असा तर्क आहे. त्या भागाचे टपाल ज्या वॉलिंगफर्डच्या केंद्रातून जाई, तिथे एका यंत्राखालच्या धुळीच्या नमुन्यात सुमारे तीस लाख बीजाणू आढळले. पण कामगारांना आधी सांगण्यात आले ते एवढेच, की अल्प प्रमाणात अंश सापडला आहे. खरा आकडा त्यांच्यापर्यंत पोहोचायला पुढले वर्ष उजाडावे लागले.

याचा परिणाम काय झाला पाहा. दहा हजारांवर लोकांना साठ दिवस औषध घेण्याचा सल्ला दिला गेला. कारण बीजाणू छातीत दीर्घकाळ झोपून राहू शकतात. डिसेंबरात साठ दिवस संपत आले तेव्हा, हवी असल्यास आणखी चाळीस दिवस औषध घ्या, किंवा त्याबरोबर लसही टोचून घ्या, असे सांगण्यात आले. लस प्रायोगिक म्हणून देऊ केली होती. घ्या की घेऊ नका हे मात्र स्पष्ट कुणी सांगेना. टपाल कामगारांपैकी फार थोड्यांनी ती घेतली. ज्यांनी ऑक्टोबरात धोका नाही म्हणून सांगितले त्यांच्या हातची सुई डिसेंबरात कोण टोचून घेणार? विश्वास हीही एक लसच आहे, आणि ती आधी टोचून ठेवावी लागते.

ब्रेंटवुडची इमारत सव्वीस महिने बंद होती. २००२ च्या डिसेंबरात सगळी दारे-खिडक्या बुजवून तिच्यात क्लोरीन डायऑक्साइड वायू भरला. हा वायू साठवून ठेवता येत नाही. जागेवरच तयार करावा लागतो. जुन्या काळच्या गंधकाच्या धुरीचीच ही थोरली बहीण, एवढेच की या वेळी धुरी कामगारांसाठी होती. खर्च तेरा कोटी डॉलरांच्या घरात गेला. २००३ च्या डिसेंबरात केंद्र पुन्हा सुरू झाले ते नव्या नावाने: कर्सीन-मॉरिस टपाल केंद्र. हॅमिल्टनचे केंद्र उघडायला तर २००५ चा मार्च उजाडला.

पण नावापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे बदललेली व्यवस्था. दाबलेल्या हवेचे झोत बंद झाले. त्यांच्या जागी बारीक गाळणी बसवलेली, धूळ आत ओढून घेणारी यंत्रे आली. हातमोजे आणि मुखपट्ट्या मिळाल्या. राजधानीच्या सरकारी कचेऱ्यांचे टपाल विद्युत्कणांच्या झोताखालून काढण्याची सोय झाली. त्या पत्रांचा कागद पिवळा आणि ठिसूळ होऊन पोहोचे, पण निर्धोक पोहोचे. आणि पुढच्या काही वर्षांत पत्रे निवडणाऱ्या यंत्रांवर हवा हुंगणारी उपकरणे बसली. यंत्रावरची हवा ती सतत ओढतात, ठराविक वेळाने तिच्यात त्या जंतूचा अंश आहे का हे आपोआप तपासतात, आणि आढळल्यास इमारत रिकामी करण्याचा इशारा देतात. कामगाराला घेरी येईपर्यंत आता वाट पाहायला नको. लिव्हरपूलच्या केंद्रात जे शहाणपण १९२१ साली आले होते, ते टपालात यायला दोन माणसे खर्ची पडली.

हे कृत्य कुणाचे, हा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. तपास वर्षानुवर्षे चालला. अखेर अमेरिकी तपासयंत्रणेने सैन्याच्याच जंतुसंशोधनसंस्थेतल्या एका शास्त्रज्ञावर बोट ठेवले. पण आरोप न्यायालयापुढे येण्याआधीच, २००८ साली, त्याने जीवन संपवले. २०१० मध्ये प्रकरण मिटवण्यात आले. पुढल्या वर्षी तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने, केवळ वैज्ञानिक पुराव्यावरून पुडीचा उगम निश्चित सांगता येणार नाही, असे मत दिले. न्यायालयात सिद्ध न झालेल्या गोष्टीवर मी अधिक लिहीत नाही. गुन्हेगाराचा दोष त्याच्यापाशी. मला जो प्रश्न छळतो तो सज्जनांविषयीचा आहे. डॉक्टर सज्जन होते, अधिकारी सज्जन होते. मग पत्राच्या वाटेवर उभी असलेली माणसे त्यांना का दिसली नाहीत? मला वाटते, त्याचे कारण असे: पत्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दोनच माणसे येतात, लिहिणारा आणि वाचणारा. मधली माणसे आपण वाटेतच हरवून बसतो.

•

या वर्षी हा लेख लिहायला घेतला तेव्हा मी नानांना भेटायला गेलो. आता ते निवृत्त आहेत. सायकल पडवीत गंजत पडली आहे. त्यांना ब्रेंटवुडची हकीकत सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली. कर्सीन यांनी पंधरा वर्षांत आजारपणाची रजा घेतली नव्हती हे सांगितले तेव्हा त्यांनी मान हलवली.

“नाना,” मी चाचरत विचारले, “त्या वर्षी आमच्या वडिलांनी पाकीट अंगणात नेऊन फोडले होते. आठवते का तुम्हांला?”

“न आठवायला काय झालं, गुरुजी!” नाना म्हणाले. “मी दारातच उभा होतो की. सकाळी हापिसातच ते पाकीट बघून पोस्टमास्तर म्हणाले होते, नाना, जरा जपून. म्हटलं, जपून म्हणजे काय करू? पिशवी तर हीच.”

“तुम्हांला वाईट नाही वाटले?”

नाना हसले. तेच दारातले जुने हसणे.

“वाईट कसलं वाटायचं? तुमच्या वडिलांना पोरांची काळजी. एवढंच की त्या गडबडीत ते पाडव्याची पोस्त द्यायची विसरले. आणि मीही नंतर मागितली नाही.”

मी खिशात हात घातला. नाना ‘छे, छे, आता कसली’ म्हणत राहिले. वीस-बावीस वर्षांची थकबाकी मी त्यांच्या हातात ठेवली, आणि त्यांच्या सुनेने केलेला चिवडा खात आम्ही बराच वेळ इकडच्या तिकडच्या गोष्टी बोलत बसलो.